लाईट गेल्यावरचं विणकाम: वादळी पावसात आणि पाणी ओसरल्यावर

सोलापूरला समुद्र नाही. चक्रीवादळ म्हटलं की आमच्याकडं लोक टीव्हीवर आंध्र-ओडिशाचा किनारा बघत चहा पितात. पण बंगालच्या उपसागरातलं वादळ वारा किनाऱ्यावर सोडतं आणि पाणी घेऊन आत येतं, हे २०२० च्या ऑक्टोबरात आम्ही बघितलं. १३ तारखेला सकाळी काकीनाड्याजवळ जमिनीवर आलेला कमी दाबाचा पट्टा हैदराबाद बुडवून दुसऱ्या दिवशी आमच्या डोक्यावर होता. घटस्थापना तोंडावर, शेतातलं उभं पीक पाण्यात, पंढरपुरात चंद्रभागेच्या घाटाची भिंत कोसळून माणसं गेली. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीनं परत ऐन नवरात्रात लांबोटीजवळ पुणे महामार्ग अडवला. त्यामुळं आता हवामान खात्यानं रेड अलर्ट दिला की मी चार्जिंगचे दिवे, ज्वारीचं पीठ आणि विणकाम, तिन्हीची तयारी एकदमच करते. विणकामाची कशी करायची ते इथं लिहिते. दोन सुयांवर सुलट-उलट विणता येतं, एवढं धरून चाललेय.

आमचं घर शहराच्या पूर्व भागात, घराला लागून टॉवेलच्या लूमचं शेड. लाईट गेली की खटखट थांबते, कामगार घरी जातात, आमचे हे शेडच्या दारात उभे राहून आभाळाकडं बघत बसतात. सुयांना लाईट लागत नाही. म्हणून लोकांना वाटतं, अशा दिवसात हिला विणायला किती निवांत वेळ मिळत असेल! असं ज्याला वाटतं त्यानं वादळात घर सांभाळलेलं नाही. पत्रा गळतो तिथं बादली सरकवा, भरली की ओता, सुताचे कोन उचलून उंचावर चढवा, शेजारच्या सूनबाईचं बाळ जरा वेळ धरा. त्यात दर थोड्या वेळानं कुणीतरी दारात येणार, "अक्का, लाईट कधी येतीय ओ?" जणू सगळ्या गावाचं बटण माझ्या पदराला बांधलंय. वेळ मिळतो, पण तुकड्यातुकड्यांनी. म्हणून वादळातल्या विणकामाला माझी एकच अट: कुठल्याही टाक्यावर टाकून उठता आलं पाहिजे, आणि परत बसल्यावर फारसं डोकं न चालवता पुढं चालू करता आलं पाहिजे. खालचं सगळं या एका अटीतून आलंय.

कुठलं काम हातात घ्यायचं

केबलची (पिळाची) वीण, जाळीची नक्षी, दोन रंगांचं डिझाईन, बाहीची उतरण, गळा, सगळं गुंडाळून ठेवा. जिथं ओळी मोजाव्या लागतात ते काम बाद. अर्धा झालेला स्वेटर सुईवर असेल तर तोही तसाच सुईवर सोडू नका. बोथट सुईत वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा ओवा, सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून तो पार करा, विणायची सुई काढून घ्या आणि दोऱ्याच्या दोन टोकांना गाठ मारा. स्वेटर पिशवीत, पिशवी खुंटीला. चार दिवसांनी टाके जागच्या जागी सापडतील, आणि सुया तुम्हाला मोकळ्या मिळाल्या ते वेगळंच.

अशा दिवसांत मला आवडतो तो कोपऱ्यापासून विणलेला चौकोनी सुती रुमाल. चार टाके घाला आणि एक ओळ सुलट विणा. त्यानंतरची प्रत्येक ओळ एकसारखी: दोन टाके सुलट, मग धागा पुढं आणून पुढचा टाका सुलट विणा म्हणजे सुईवर एक जादा वेढा पडतो, आणि तिथून शेवटपर्यंत सगळे सुलट. दर ओळीला एक टाका वाढत जातो आणि कडेनं बारीक भोकांची रांग पडते. सुईवर पंचेचाळीसच्या आसपास टाके झाले की त्या कोपऱ्याला एक सेफ्टी पिन अडकवा आणि उतरायला लागा: एक सुलट, दोन टाके एकत्र, धागा पुढं, परत दोन एकत्र, उरलेले सुलट. आता दर ओळीला एक टाका कमी होतो. चार उरले की बंद करा.

यात उलट-सुलट बाजू नाही, ओळ मोजायची नाही. मध्येच उठलात तर पिन बघायची. पिन नाही, म्हणजे अजून चढतीवर आहात. पिन दिसली, म्हणजे उतरतीवर. पंचेचाळीस ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही. सूत कमी असेल तर पस्तिसावर फिरा, रुमाल लहान होईल, चौकोनीच होईल. भांडी पुसायला, ताटावर झाकायला, बाळाचं अंग पुसायला, कशालाही चालतो.

सुताबद्दल थोडं. सोलापुरात सुती धाग्याला तोटा नाही, आणि बाजारात विणायला म्हणून मिळणाऱ्या कॉटनला मी उगीच पैसे घालत नाही. कोनावर उरलेला २/२० काउंटचा (विसाच्या दोन सुतांना पीळ दिलेला) धागा सात-आठ पदरी एकत्र धरला की साधारण डबल निटिंग (मध्यम जाडीच्या) लोकरीएवढा जाड होतो. तो आठ नंबरच्या सुयांवर छान बसतो. पदर आधी एकत्र करून गुंडी बांधून ठेवा; अंधारात सात कोन सांभाळत बसलात तर रुमालाऐवजी गुंता विणाल. रंग फिका घ्या. पांढरा, मोतिया, फिका पिवळा. चादरीतला तो गडद मरून आणि काळा-निळा दिवसा कितीही उठून दिसो, मिणमिणत्या उजेडात त्यातला टाका दिसतच नाही.

आणखी एक, वादळात विणलेल्या ओळी आवळ येतात. मन धास्तावलं की हात धागा ओढून धरतात, आणि ते आपल्याला कळतसुद्धा नाही. त्यावर "सैल विणा" असं सांगून काही होत नाही. एरवीपेक्षा एक नंबर जाड सुई घ्या, एवढाच उपाय. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा लहान तशी सुई जाड, हे ध्यानात ठेवा: दहा नंबर सव्वातीन मिलिमीटर, आठ नंबर चार.

किटली

जमीन ओली असते, कधी पायरीवरून पाणी आत आलेलं असतं, आणि गुंडी मांडीवरून निसटायला असाच दिवस शोधते. मी गुंडी चहाच्या जुन्या स्टीलच्या किटलीत ठेवते. धाग्याचं टोक आतून तोटीत घालायचं, तोटीच्या तोंडातून बाहेर ओढायचं, वर झाकण. गुंडी आत गरगर फिरते, धागा तोटीतून हवा तेवढा येतो. उठायची वेळ आली की विणलेलंही घडी करून किटलीच्या कडीला अडकवते आणि किटली उचलून फळीवर. किटली लवंडली तरी गुंडी कोरडी. तोटीच्या मुळाशी चहाची गाळणी बसवलेली असेल तर मात्र धागा जाणार नाही, ते आधी बघा. किटली नसेल त्यांनी लोणच्याची प्लॅस्टिकची बरणी घ्यावी, झाकणाला तापवलेल्या खिळ्यानं भोक पाडावं आणि भोकाची कड घासून घ्यावी, नाहीतर सूत तिथं पिंजतं.

बाकीचं सामान एका पत्र्याच्या डब्यात: सेफ्टी पिना, क्रोशाची सुई, बोथट सुई, छोटी कात्री, चार रबरबँड आणि नमुना लिहिलेला कागद. नमुना फोनवर ठेवू नका. फोनचं चार्जिंग गावाकडच्या माणसांची खुशाली विचारायला लागतं. कागदावर लिहा, आणि शिसपेन्सिलीनं लिहा. शाईचं अक्षर ओल लागली की पसरतं, पेन्सिलीचं राहतं. डबा कॉटखाली नको. पाणी आधी तिथंच येतं.

उजेड, आणि मध्येच उठणं

मेणबत्तीजवळ विणू नका. अक्रिलिकची लोकर पेटली की वितळते आणि तापलेल्या लाखेसारखी कातडीला चिकटते. सूत भुरकन पेटतं. खरी लोकर सहसा पेट घेत नाही, नुसती करपते, पण आपल्याकडं खरी लोकर असते कुणाकडं? चार्जिंगचा एलईडी दिवा डाव्या खांद्यामागं, जरा उंचावर ठेवा. समोर ठेवलात तर डोळे दिपतात आणि टाक्यावर हाताचीच सावली पडते. दिवसा दाराशी बसा. पावसाचा उजेड मवाळ असतो, विणायला चांगला.

खरं तर सुलट टाक्याला उजेड लागतच नाही. अलर्ट आल्यावर, लाईट असतानाच, दोन-चार ओळी डोळे मिटून विणून बघा. डाव्या हाताच्या अंगठ्यानं पुढचा टाका चाचपायचा, त्याला सुईच्या टोकाकडं सारायचा, उजवी सुई त्या अंगठ्याच्या नखावरून आत. पहिली ओळ चाचपडत जाते. मग बोटांना समजतं. दमट हवेत अॅल्युमिनियमच्या सुयांवर धागा चिकटतो, तेव्हा सुई एकदा केसांतून फिरवा. आमच्याकडच्या सगळ्या बायका हेच करतात, आणि तेवढ्या तेलानं पुढच्या बऱ्याच ओळी सरसर जातात. फिक्या सुतावर डाग पडेल असं वाटलं तर तळहाताला पावडर चोळा.

विजा चमकायला लागल्या की सासूबाई म्हणायच्या, "सुया खाली ठेव, वीज ओढून घेतील." घरात बसलेल्या बाईच्या हातातली वीतभर सुई वीज ओढत नाही. पण खिडकीपासून, नळापासून आणि भिंतीतल्या वायरींपासून लांब बसायचं, हे मात्र खरं. त्यांच्यापुढं मी सुया खालीच ठेवायचे. वाद घालायला तो काही दिवस नसायचा.

आता उठायचं कसं. ओळ पूर्ण होईपर्यंत थांबता आलं तर उत्तम. नाहीच आलं, बादली वाहायला लागली, तर दोन्ही सुयांवरचे टाके टोकांपासून मागं सारा, दोन्ही टोकं जवळ आणा आणि त्यांना मिळून रबरबँडचे वेढे द्या. टाके सटकणार नाहीत आणि अंधारात सुई कुणाच्या पायातही जाणार नाही. परत आल्यावर गोंधळ होतो तो एकाच गोष्टीचा: कुठल्या बाजूनं विणत होते? सोपं आहे. गुंडीकडून आलेला धागा ज्या सुईवरच्या टाक्याला लागलाय ती सुई उजव्या हातात घ्या. दुसरी डावीकडं. हे एकदा बसलं की कुणी झोपेतून उठवून दिलं तरी चुकत नाही.

टाका सुटलाच तर अंधारात मागं जाऊन तो उचलायच्या नादाला लागू नका. बोटाला सुटलेला आढा लागला की त्यात सेफ्टी पिन घाला, पिन मिटा आणि पुढं चला. उजेड आल्यावर क्रोशाच्या सुईनं एकेक पायरी वर आणता येतो. उसवून परत विणायचं असेल तर ते पावसानंतर.

पोटाचं म्हणाल तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी घरात असली की गॅस पेटवायची घाई राहत नाही. पण चटणीच्या हातानं सुई धरू नका, लाल तिखट सुतातून निघत नाही.

पाणी ओसरल्यावर

पहिल्यांदा ओलं कशानं झालंय ते ठरवा. पत्र्यातून गळालेल्या पावसाच्या पाण्यानं भिजलेली लोकर नुसती वाळवली तरी चालते. नाल्याचं, गटाराचं, पुराचं पाणी लागलं असेल तर धुतल्याशिवाय मांडीवर घेऊ नका. अशा पाण्यात दोन-तीन दिवस पडून काळे-हिरवे ठिपके आलेली गुंडी सरळ टाकून द्या. हातानं विणणाऱ्या बायकांना लोकर टाकवत नाही, मला माहीत आहे. तरी टाका. घरात लहान मूल असेल तर विचारसुद्धा करू नका.

धुवायची ती गुंडी म्हणून धुवू नका. वरून वाळते, आतून कुबट राहते. आधी तिची लडी करा: दोन खुर्च्यांच्या पाठी किंवा घरातल्या रिकाम्या माणसाचे दोन हात, त्याभोवती धागा गुंडाळा, चार ठिकाणी वेगळ्या दोऱ्यानं सैल बांधा. हातात रबरी मोजे घालून हे करा. मग बादलीत साबणाचं पाणी. नळाच्या भरवशावर राहू नका. सोलापुरात नळाला पाणी तसंही रोज येत नाही, आणि लाईट गेली की पाणी वर चढवणारे पंपही थांबतात. पाऊस चालू असतानाच पागोळीखाली पिंप लावून ठेवा. पावसाचं पाणी हलकं असतं, बोअरच्या जड पाण्यापेक्षा त्यात साबणाला फेस चांगला येतो आणि खळबळायला पाणी कमी लागतं.

सुती लडी बिनधास्त चोळा. पांढरी असेल तर उकळा. गडद रंगाची वेगळी धुवा, विणकरी सुताचा रंग पहिल्या पाण्याला जातो आणि शेजारच्या पांढऱ्याला लागतो. अक्रिलिकला गरम पाणी नको, एरवी फार लाड लागत नाहीत. खरी लोकर मात्र कोमट पाण्यात बुडवून ठेवा, चोळू नका, पिळू नका. गरम पाणी आणि घासणं मिळालं की तिचा नमदा होतो आणि मग काही इलाज नाही. ब्लीचिंग पावडर फक्त पांढऱ्या सुतीला. लोकरीवर घातलीत तर लोकर विरून जाईल.

पाणी काढायला टॉवेल. जाड, फुलांचा, आपल्याच गावचा. ओली लडी किंवा विणलेलं कापड त्यावर पसरा, टॉवेलसकट वळकटी करा आणि वळकटीवर उभं राहा. टॉवेल सगळं पाणी पिऊन घेतो आणि विणीला पीळ बसत नाही. लडी दांडीवर टाकली तरी चालते, विणलेला कपडा टाकू नका; ओल्या स्वेटरचं वजनच त्याला गुडघ्यापर्यंत ओढून नेतं. बाजेवर कोरडा टॉवेल घालून त्यावर आडवा वाळवा, मधे एकदा उलटा. पाऊस गेल्यावर इथलं ऑक्टोबरचं ऊन चटका देतं. सुतीला ते चांगलं, रंगीत लोकरीला सावलीतला वारा पुरे.

ज्यांच्याकडं लूम आहेत त्यांना एक सांगणं. बीमवरच्या ताण्याला खळ असते, आणि ओल्या खळीला बुरशी फार लवकर धरते. तेव्हा आधी ताणा उघडा करून वाळवा, माझ्यासारखीची लोकर नंतर. मोटार वायरमनला दाखवल्याशिवाय चालू करू नका.

मदतीसाठी विणायचं असेल तर

पूर आला की विणणाऱ्या बायकांना पहिला विचार येतो, स्वेटर विणून पाठवू. पहिल्या आठवड्यात कुणाला स्वेटर नको असतो. ज्यांचं घर चिखलात गेलं त्यांना कोरडे कपडे, चादरी, पिण्याचं पाणी, पातेली, सॅनिटरी पॅड, मुलांच्या वह्या लागतात. तेवढ्या पैशाची लोकर न घेता ते घ्या. विणायचं ते थंडीसाठी. लोकांना मिळालेली मदत दिवाळीपर्यंत आटते, आणि गारठा त्यानंतर येतो. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत थांबू नका, डिसेंबर लागायच्या आत पोचलं पाहिजे.

तान्ह्या बाळाची टोपी हे त्यातलं सगळ्यात उपयोगी काम. डबल निटिंग अक्रिलिक, आठ नंबरच्या सुया, सत्तर टाके. सगळ्या ओळी सुलट, साधारण तेरा सेंटिमीटर होईपर्यंत. खालची कड दुमडायला पुरते. मग पाच सुलट, दोन एकत्र, असं ओळभर: साठ टाके राहतात. एक ओळ साधी. पुढं चार सुलट, दोन एकत्र: पन्नास. परत एक साधी. असंच एकेक कमी करत सुईवर दहा टाके उरले की धागा लांब तोडून सगळ्या टाक्यांतून ओवा, आवळा, त्याच धाग्यानं मागची शिवण घाला. गोंडा लावू नका, मुलं तो तोंडात घालतात. बंद आणि बटणंही नकोत. अक्रिलिक सांगतेय ते धुवायला सोपं म्हणून. पूर उतरलेल्या घरात लोकरी कपड्याचे नखरे सांभाळायला कुणाला वेळ आहे?

देताना आधी गावातल्या आशाताईला किंवा अंगणवाडीत विचारा, किती बाळं आहेत आणि केवढी. मागच्या वेळी एका ठिकाणी सगळ्यांनी मिळून टोप्यांचा ढीग पाठवला, आणि दोन-तीन वर्षांच्या पोरांना येईल असं त्यात एकही नव्हतं. थोड्या मोठ्या पोरासाठी चौऱ्याऐंशी टाके घाला, सतरा-अठरा सेंटिमीटर सरळ विणा आणि उतरणीची पहिली ओळ पाच सुलट, दोन एकत्र अशीच घ्या. दहाऐवजी बारा भाग पडतात, बाकी सगळं तेच.

सुया शेवटी बघा. अॅल्युमिनियमच्या पुसल्या की झालं. स्टीलच्या गंजल्या असतील तर बारीक पॉलिश पेपरनं घासा, बांबूच्या साबणानं धुऊन सावलीत वाळवा आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवून कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. गोडेतेल नको, ते नंतर चिकट होतं. रबरबँड दर वर्षी नवे घ्या, आमच्या उन्हाळ्यात जुने तडकतात.